आधीची वेलांटी

ज्या वर्षी प्रमिलाला एक्केचाळिसाव्या वर्षी जुळे झाले, ते २०५१ साल. प्रमिला ही हेमांगीची नणंद. दोन्ही मुलीच, दिसायला हुबेहूब. एकीच्या कानाच्या पाळीवर तीळ, एवढीच ओळखायची सोय. बारसे मिरजेला फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी ठरले होते. पाळण्याला झेंडू बांधून झाले, घुगऱ्या भिजून फुगल्या, बायका जमल्या. पण नाव ठेवायचे अडले होते. मुलींच्या मामाची चित्रकथेची पट्टी आल्याशिवाय पाळणा म्हणायचा नाही, असे आक्कांनी, हेमांगीच्या सासूबाईंनी, सांगून ठेवले होते. मामा, म्हणजे हेमांगीचा नवरा सारंग, होता मंगळाच्याही पलीकडे, ‘दूरगामी’ यानावर.

दुपारी भिंतीवरचा पडदा उजळला. समुद्रकिनारा, त्यावर एक लाल खेकडा, दोन्ही नांग्या वर करून नाचतोय, आणि डोक्यावर पांढरा फुगा. फुग्यात काळ्या शाईची, जरा उजवीकडे कललेली, पोटात भरदार आणि टोकाला बारीक होणारी अक्षरे. सारंगची अक्षरे. आक्का चष्मा सारखा करून मोठ्याने वाचू लागल्या, “आक्का, मरि... मरिजला ऊन वाढलं का?”

बायका हसल्या. “मरिज नव्हं आक्का, मिरज!”

“मला वाचता येतंय,” आक्का म्हणाल्या. “इथं मरिज लिवलंय. बघा की.”

हेमांगीने पाहिले. खरेच मरिज होते.

रात्री भांडी आवरताना आक्का तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. “हेमे, पोरगं चुकायला लागलंय. मागच्या खेपेला दिवसाचं दविस केलं. त्याच्या आधी चिखलाचं चखिल. एकदा तर एका अक्षराला दोन-दोन वेलांट्या. त्याचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?”

“चूक त्याची नसेल आक्का. माझ्या फॉन्टची असेल. सोमवारी बघते.”

“बघ बाई,” आक्का म्हणाल्या. “अक्षर मात्र त्याचंच हाय. तेवढं एक बरं.”

आक्का वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकल्या होत्या. त्यांचे यजमान महादेव म्हेत्रे यांचा मिरजेत छापखाना होता. आक्का तिथे छापलेल्या कागदांच्या घड्या घालत. हजारो कागद त्यांच्या बोटांखालून गेले, पण त्यावर काय लिहिले आहे ते त्यांना कळत नसे. छापखान्यातून मुलांचे एक मासिक निघे, त्यात शेवटच्या पानावर ‘खंडू खेकडा’ ही चित्रकथा असे. चित्रे सारंगची, आणि फुग्यांतली अक्षरेही त्याचीच, टाकाने हाताने काढलेली. शाळकरी वयापासून तो ती काढत असे. घड्या घालता घालता एक दिवस आक्कांनी खेकड्याच्या डोक्यावरच्या फुग्यावर बोट ठेवून विचारले, “हा काय म्हणतोय?” तिथून सुरुवात झाली. त्या शिकल्या त्या फुग्यांवरून. त्यामुळे झाले असे की सारंगचे अक्षर त्या पाण्यासारखे वाचत, आणि वर्तमानपत्रातले छापील अक्षर आले की अडखळत. छापील अक्षराला त्या म्हणत, “मेलेलं अक्षर. हलत न्हाई.”

हेमांगी मिरजेच्याच हस्तलिपी प्रयोगशाळेत काम करी. माणसाच्या हाताचे वळण यंत्राला शिकवायचे, हा तिथला उद्योग. अशा फाइलीला तिथे हस्तटंक म्हणत. पाच वर्षांपूर्वी सारंगची यंत्रअभियंता म्हणून ‘दूरगामी’वर निवड झाली, तेव्हा अंतराळ मंडळाचे संदेशप्रमुख गवाणकर प्रयोगशाळेत आले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. यान दूर गेले की संदेशाची वाट अरुंद होणार. फोटो नाही, आवाज नाही. आठवड्याला घरच्यांसाठी मूठभर अक्षरे मिळतील.

“मग चित्रकथा पाठवता येईल,” सारंग म्हणाला होता.

गवाणकर हसले. “अहो म्हेत्रे, फोटो जात नाही म्हणतोय मी, आणि तुम्ही चित्रकथा म्हणताय!”

“चित्र पाठवायचंच नाही,” हेमांगी म्हणाली. “तुम्ही ‘क’ पाठवता तेव्हा ‘क’चा आकार थोडाच पाठवता? एक क्रमांक पाठवता. आकार पाहणाऱ्याच्या यंत्रात आधीपासून असतो. फॉन्टच्या फाइलीत मुख्य भाग तीन. एक, आकारांची पेटी. जुन्या काळी त्यात ठिपके भरलेले असत, मोठं केलं की अक्षर दातेरी व्हायचं. आता वळणं भरतात, रेघ कुठून निघाली आणि कुठे वळली एवढंच, म्हणून ते कितीही मोठं करता येतं. दोन, सूची. कुठल्या क्रमांकाला पेटीतला कुठला आकार काढायचा. आणि तीन, नियम. कोण कोणाशेजारी आलं की काय बदलायचं.”

“तिसऱ्याची गरज काय?”

“हातानं लिहिताना कुणी दोन ‘क’ सारखे काढत नाही. चित्रकथेच्या फुग्यात दोन सारखे ‘क’ शेजारी आले की वाचणाऱ्याला यंत्र दिसतं, बोलणारा दिसत नाही. म्हणून सारंगचे चार ‘क’ पेटीत ठेवायचे आणि नियम सांगणार, आधी हा वापरलास तर आता तो वापर. ओळीच्या शेवटी त्याचा हात दमतो, अक्षर कलतं. तोही नियम. आणि अक्षरांचं जे, तेच चित्रांचं. खंडूची दोनशे चित्रं तो जायच्या आधी काढून ठेवील. हसणारा, रडणारा, पाठमोरा. वरून फक्त येणार चित्राचा क्रमांक, फुग्याची शेपटी कुठे वळवायची ते, आणि मजकूर.”

गवाणकर म्हणाले, “म्हणजे मॅडम, घरी जे दिसेल ते सगळं घरातलंच असणार. वरून येणार नुसते आकडे.”

“हो,” हेमांगी म्हणाली. त्या वेळी त्या वाक्यात तिला काही वावगे वाटले नव्हते.

आणि तसेच झाले. दर शुक्रवारी पट्टी येई. आक्का अक्षरे पाहून म्हणत, “आज दमलाय गं, शेवटी शेवटी किती कललंय.” तो कल तिने स्वतः घातलेल्या नियमाचा आहे, दर ओळीला तो तसाच येणार, हे हेमांगीला माहीत होते. तरी दोन वर्षांनी केव्हातरी तीही शुक्रवारी ओळीच्या शेवटाकडे आधी बघू लागली. आज जास्त दमलाय का, असे मनाशी म्हणू लागली.

सोमवारी ती प्रयोगशाळेत आली आणि नाझिमा शिकलगारला शेजारी बसवून घेतले. नाझिमा तिच्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, आणि जिभेला लगाम नसलेली.

“तुझ्या नवऱ्याचा फॉन्ट बिघडला? भाभी, हा तर घरगुती मामला झाला.”

“नियम बघ. आधी सतरावा.”

नाझिमाने सतरावा नियम उघडला. त्याला नाव दिले होते ‘आधीची वेलांटी’. तिने वाचला आणि भुवया उंचावल्या. “पहिली वेलांटी दिसली की उचल आणि पुढच्या अक्षराच्या नंतर नेऊन ठेव. हे काय? असं कुणी लिहितं?”

“सारंग लिहितो.”

त्याची गोष्ट अशी होती. महादेवरावांच्या छापखान्यात जुन्या पद्धतीचे संगणक होते. त्या यंत्रांना भाषा कळत नसे. ती फक्त आकार डावीकडून उजवीकडे एकामागोमाग चिकटवत. मिरज लिहायचे तर ‘म’च्या डावीकडे पहिली वेलांटी दिसते, म्हणून आधी वेलांटीची कळ दाबायची, मग ‘म’ची. डोळ्याला दिसेल तो क्रम. पुढे सगळ्या जगासाठी एकच क्रमांकपद्धत आली. तिच्यात उच्चाराचा क्रम असतो: आधी ‘म’, मग त्याची वेलांटी. डोळ्याचा नव्हे, जिभेचा क्रम. सारंगची बोटे लहानपणी डोळ्याच्या क्रमाला लागली ती लागली. नव्या पद्धतीत त्याने पहिले पान टाइप केले, तेव्हा प्रत्येक पहिल्या वेलांटीला टेकायला अक्षर सापडेना. अशा वेळी यंत्र अक्षराच्या जागी एक ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ काढते आणि वेलांटी त्यावर टेकवते. पान वर्तुळांनी भरून गेले. महादेवराव छापखानाभर ऐकू जाईल असे ओरडले होते, “पानभर भोकं पाडून ठेवलीस रे!” सारंग हा किस्सा लग्नानंतर हसत हसत सांगायचा.

“मी किती सांगितलं त्याला,” हेमांगी नाझिमाला म्हणाली, “सवय बदल. तो म्हणायचा, माझी बोटं म्हातारी झाली, तू फॉन्ट बदल. मग बदलला.”

“पण अट घालायला विसरलीस. सरळ लिहिलेलं आलं तर हा नियम त्याचीच मोडतोड करील. वेलांटी उचलून भलत्या अक्षराला देईल.”

“विसरले नाही. गरज नव्हती. या हस्तटंकात लिहिणारा एकच माणूस आहे.”

हे बोलता बोलता तिचे बोट कळीवर थांबले. नाझिमाही थांबली. मग नाझिमाने शुक्रवारच्या पट्टीचे मूळ क्रमांक पडद्यावर घेतले, कुठलाही आकार न चढवता, नुसते आकडे. त्यांच्यापुढे एकेकाचे नाव: म. पहिली वेलांटी. र. ज.

“हे बरोबर आहे,” नाझिमा हळूच म्हणाली. “वेलांटी ‘म’च्या नंतर आहे. वरून मिरजच आलंय. आपल्या नियमानं ती वेलांटी उचलून ‘र’ला दिली. मरिज आपण केलं.”

चुका होत्या, कारण वरून येणारा मजकूर बिनचूक होता.

त्यांनी मागच्या पट्ट्या काढल्या. तीन फेब्रुवारीच्या शुक्रवारपर्यंत प्रत्येक पहिली वेलांटी आधी. एकही अपवाद नाही. दहा तारखेपासून प्रत्येक नंतर. तिथेही एकही अपवाद नाही.

“सुधारला असेल,” नाझिमा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता. “तिकडे वेळच वेळ आहे. बसून शिकला असेल. तुला चकित करायचं असेल.”

हेमांगीला ते धरून ठेवावेसे वाटले. रात्री यानाच्या गोल खिडकीशी बसून जिभेच्या क्रमाने अक्षरे गिरवणारा सारंग तिने क्षणभर डोळ्यांपुढे आणलाही. मग तिने मान हलवली.

“सवय अशी एका आठवड्यात जात नाही. जाताना मागे वळून बघते. निम्म्या वेलांट्या अशा, निम्म्या तशा, असं काही दिवस चालतं. आणि जमलं असतं तर त्यानं पहिल्याच पट्टीत बढाई मारली असती.”

“मग यानातलं यंत्र? त्याला सांगून ठेवलं असेल, मला वेळ नसला तर तू लिही.”

“यंत्र कशावरून शिकलं असतं? त्याच्याच पट्ट्यांवरून. त्यात वेलांटी आधी आहे. यंत्राला ती चूक वाटली नसती, त्याची लकब वाटली असती. त्यानं इमानानं आधीच टाकली असती. यंत्र असतं तर आपल्याला कधीच कळलं नसतं. चूक बघून ती सुधारून लिहावी, हे माणसालाच सुचतं.”

‘दूरगामी’वर माणसे दोनच होती. सारंग, आणि डहाणूचा भास्कर तांडेल.

पृथ्वीवरून यानाला घरचा संदेश आठवड्यातून एकदा जाई. हेमांगीने त्या खेपेला खूप काही लिहिले आणि पुसले. शेवटी उरले ते एवढेच: “तुम्ही वेलांटी नंतर टाइप करता. तो आधी करायचा. तुम्ही कोण?” इतक्या वर्षांत त्या पत्त्यावर तिने पहिल्यांदाच ‘तुम्ही’ लिहिले.

शुक्रवारी ती आक्कांना प्रमिलाकडे बसवून एकटीच प्रयोगशाळेत थांबली. पट्टी आली. चित्र होते नुसत्या किनाऱ्याचे, खेकडा नसलेले. सारंगने ते काढले होते खंडू बिळात गेल्यावर वापरायला. त्यावर एक फुगा होता, पण त्याला शेपटी नव्हती. चित्रकथेत शेपटी ज्याच्याकडे वळते तो बोलणारा. शेपटी नसेल तर बोलणारा चित्रात नाही. नियम चालूच होता, म्हणून वेलांट्या भलतीकडे गेल्या होत्या.

“वैनी, मी भास्कर तांडेल. सारंगदादा फेब्रुवारीच्या नऊ तारखेला गेला. छातीत दुखलं. दोन दविस होता. मला म्हणाला, आक्काची पट्टी चुकवू नको. मंडळाला कळवलं असतं तर त्याच दविशी तुम्हाला कळलं असतं. म्हणून कळवलं नाही. मला माफ करा. मी त्याचा मत्रि.”

सारंग गेला हे सारंगच्याच अक्षरात लिहून आले होते. ‘गेला’मधला ‘ग’ तोच, ज्याच्या दांडीला तो किंचित पोक काढायचा. ओळीच्या शेवटी अक्षरे दमून कलली होती. हेमांगी त्या कललेल्या अक्षरांकडे बघत राहिली. तिला रडू आले ते बातमीने नव्हे. बातमी तिला सोमवारीच कळली होती. तिला रडू आले ते त्या पोक काढलेल्या दांडीने.

तिने गवाणकरांना कळवले. मंडळाने तांडेलला खडसावले आणि यान माघारी फिरवायचा हुकूम दिला. परतीला तीन वर्षे लागणार होती. आईला सांगायचे काम गवाणकरांनी हेमांगीवर सोडले. “तुम्हाला योग्य वाटेल तसं,” ते म्हणाले, “मंडळाकडून बाहेर काही जाणार नाही.”

ती सांगायला म्हणून घरी आली, तेव्हा आक्का एका मुलीला मांडीवर घेऊन जुन्या पट्ट्या वाचून दाखवत होत्या. “आणि मग तुझा मामा म्हणतो...” हेमांगीकडे बघून त्यांनी विचारले, “सापडलं का गं? कुणाची चूक?”

“माझीच, आक्का.”

“वाटलंच,” आक्का म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की हेमांगीने पुढचे सांगितलेच नाही. दुसऱ्या दिवशी तिने सतरावा नियम बंद केला आणि तांडेलला कळवले, पट्टी चालू ठेवा.

त्यानंतर पट्ट्या बिनचूक येऊ लागल्या. तांडेल खाली विचारून घेई, आक्कांना काय आवडते, दादा त्यांना कशावरून चिडवायचा. हेमांगी त्याला सांगे: तो आक्कांच्या चहाला ‘काढा’ म्हणायचा; मुलींना त्याने न पाहताच ‘मोठी भिंगरी’ आणि ‘छोटी भिंगरी’ म्हटले असते. पुढच्या शुक्रवारी खंडू विचारी, “काढा प्यालीस का आक्का?” आक्का हसून हसून पदर तोंडाला लावत. हेमांगीही हसे. आपण सांगितलेलेच शब्द आपण केलेल्या आकारांत परत येताहेत, त्यात त्याचे काही नाही, हे ती मनाशी घोकत असे. तरी शुक्रवारी दुपारी तिचे पाय घराकडे ओढत. तिला वाटे, एखादी तरी वेलांटी आधी येईल. नियम बंद होता. आली असती तर लगेच दिसली असती. ती पट्टीत तेच शोधायची. एकही आली नाही.

आक्कांना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. सारंगने त्यांना एक निवडून दिली होती, एक एप्रिल, म्हणजे दर वर्षी हसत साजरी होईल. २०५२ मध्ये त्या हिशेबाने आक्का पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्या आठवड्याची पट्टी घरातच, सगळ्यांसमोर उघडली. प्रमिला पुरणपोळ्या करत होती, मुली दाणदाण पावले टाकत खुर्च्यांना धरून फिरत होत्या.

पडदा उजळला. चित्रात पाठमोरा खंडू वाळूवरून निघालेला, मागे त्याच्या पायांची तिरकी रांग. फुगा भरून अक्षरे होती, आणि अक्षरांत जागोजाग ठिपक्यांची वर्तुळे.

“आक्का, पंच्याहत्तरीचा ◌िदवस! ◌िमरजला ये म्हणतेस ना सारखी? हा बघ, मी ◌िनघालो. खेकडा ◌ितरका चालतो, म्हणून जरा उशीर लागेल. काढा करून ठेव. आ◌िण हेमाला सांग, फॉन्ट छान केलास, माझी भोकं कुणाला ◌िदसत नाहीत.”

हेमांगी उठून उभी राहिली. खाली बारीक मजकूर होता, तांडेलचा: “ही त्यानं आजाराआधीच करून ठेवली होती, पंच्याहत्तरीच्या आठवड्यात पाठव म्हणून. मी तशीच पाठवलीय. दुरुस्त केली नाही.”

तिच्या हातात एक कळ होती. सतरावा नियम चालू केला असता तर सगळी वर्तुळे क्षणात नाहीशी होऊन चारचौघांत शोभेल असा स्वच्छ फुगा झाला असता. आक्कांना कळायच्या आत. तिने कळीवर बोट नेले आणि तिथेच ठेवले. गेले वर्षभर ती हेच शोधत होती. वर्षभर आकार त्याचे होते आणि आकडे दुसऱ्याचे. आज आकडे त्याचे होते. ही वेलांटी त्याच्या बोटाने आधी दाबली होती. आकार तर तिनेच पेटीत भरून ठेवलेले. त्याच्या हातचे म्हणून जे काही त्या फुग्यात होते, ते ती रिकामी वर्तुळेच होती.

“हेमे,” आक्का म्हणाल्या. “हे गोल.”

“हो आक्का.”

आक्का उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि एका वर्तुळावर बोट टेकवले. “भोकं. ह्यांनी केवढा दंगा केला होता त्या दिवशी. मी घड्या घालत बसले होते. मला तवा ‘क’ का ‘ख’ कळत नव्हतं. पण हे गोल ओळखू यायचे. लांबनं पान बघितलं की कळायचं, हे आमच्या पोरानं केलंय.” त्या बोटाने एका वर्तुळावरून दुसऱ्यावर गेल्या. “हे त्यानं लिवलंय.”

“हो.”

“आजाराआधी, असं लिवलंय खाली. मग मधलं वरीसभर कुणी लिवलं?”

स्वयंपाकघरातला तव्याचा आवाज थांबला. प्रमिला दारात येऊन उभी राहिली. हेमांगीने आक्कांना खुर्चीत बसवले, स्वतः त्यांच्या पायांशी बसली आणि सगळे सांगितले. वेलांटीचा नियम सांगितला, नऊ तारीख सांगितली, दोन दिवस सांगितले, तांडेलने सारंगला दिलेला शब्द सांगितला. आपण सांगायला आलो होतो आणि सांगितले नाही, तेही सांगितले.

 मुलींपैकी एक आक्कांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती. त्यांचा हात तिच्या केसांवरून फिरत होता.

“दोन दिवस होता,” त्या म्हणाल्या. “त्या पोरानं बघितलं त्याचं?”

“बघितलं.”

“त्या पोराला आई हाय?”

“आहे. डहाणूला.”

“मग त्याला सांग, माझ्या पोराच्या तोंडनं बोलायचं आता बास. चांगलं बोललास म्हणावं. आता आपल्या तोंडनं बोल. फुग्याला शेपटी लाव, आन ती तुझ्याकडं वळव. मी वाचीन.” पुढे म्हणाल्या, “मेल्या अक्षरात असलं तरी वाचीन. अडखळीन, पण वाचीन.”

पोळ्या गार झाल्या होत्या. त्या दिवशी त्या कुणी खाल्ल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आक्कांनी स्वतः गरम करून सगळ्यांना वाढल्या.

हेमांगीने ‘दूरगामी’च्या पत्त्याला साधा छापील टंक जोडला. तांडेलने खंडूच्या चित्रांत एका होडीचे चित्र शोधून काढले आणि दर शुक्रवारी त्या होडीतून तो बोलू लागला. शेपटी होडीकडे. आक्का ओळीवर बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत ते वाचत. एका पट्टीला कधी कधी संध्याकाळ होई. सारंगचा हस्तटंक हेमांगीने बाजूला काढून ठेवला. ठेवण्याआधी तिने त्यात एकच बदल केला: सतरावा नियम पुन्हा चालू केला. अट घातली नाही.

तिच्या मेजासमोरच्या भिंतीवर त्या एप्रिलची पट्टी आहे. ती मात्र नियम न लावता छापून घेतलेली आहे, वर्तुळांसकट.

सारंग महादेव म्हेत्रे ९ फेब्रुवारी २०५१ रोजी, गुरुवारी, ‘दूरगामी’ यानावर वारला. त्याची आई सोनाक्का १७ नोव्हेंबर २०५३ रोजी मिरजेत वारली. भास्कर तांडेल परतला, तेव्हा तिला जाऊन पाच महिने झाले होते.